सर्व्हर थंड, पिंग मस्त, तरी पट्टी सेव्ह व्हायला आठ सेकंद: लेटन्सी बघायची कुठे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याकडे तुमचं हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर चालतं, खळ्यावर आणि ऑफिसात मिळून दहा मशीन आहेत, सर्व्हर मुंबईला क्लाउडवर, त्यावर उबुंटू लिनक्स, वेब सर्व्हर एनजिनएक्स, डेटाबेस पोस्टग्रेस, दोन व्हीसीपीयू (क्लाउडवरचे कोर), चार जीबी रॅम. सकाळी लिलावाचा जोर वाढला की अकराच्या सुमारास पट्टी सेव्ह करायला कधी चार सेकंद लागतात कधी आठ, आणि दुपारी तुम्ही नाशिकहून लॉगिन करून बघता तेव्हा सगळं टकाटक. टॉपमध्ये, म्हणजे मशीनचा भार दाखवणाऱ्या कमांडमध्ये, सीपीयू २० टक्क्यांच्या आत, आणि पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ, ९ मिलिसेकंद. व्यापारी म्हणतो सॉफ्टवेअर भंगार आहे, तुम्ही म्हणता नेट खराब आहे, आणि आता तुम्हाला लेटन्सी, म्हणजे सेव्ह दाबल्यापासून उत्तर येईपर्यंतचा उशीर, बघायला कमांड लाइनचं एक चांगलं टूल हवंय. जाता जाता तुम्ही हेही लिहिलंय की पट्टी सेव्ह झाली की शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज जातो. त्या वाक्यावर मी नंतर येतो, मला सगळ्यात जास्त तेच खटकलंय.

टूल सांगतो, पण टूलच्या आधी हे ठरवा की ते आठ सेकंद नेमके कुणाच्या खात्यात जातात. ऑफिसचं वायफाय, आयएसपी (नेट देणारी कंपनी), डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणं), टीएलएस (कनेक्शन सुरक्षित करणं), एनजिनएक्स, तुमचं ॲप, डेटाबेस, डिस्क, बाहेरचा मेसेज गेटवे (मेसेज पाठवणारी सेवा), एवढे भिडू आहेत आणि टॉप यातल्या जेमतेम एकाबद्दल बोलतं. पिंग अजून एकाबद्दल. बाकीचे सात मोकाट. त्यामुळे "सर्व्हर ठीक आहे" हे तुमचं म्हणणं आणि "ॲप हळू आहे" हे व्यापाऱ्याचं म्हणणं, दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या आधीच सांगून टाकतो. क्लाउड कोणतं, डिस्क कोणत्या प्रकारची, ॲप पीएचपीत आहे का नोडमध्ये का जावात, कनेक्शन पूल (ॲपने डेटाबेसकडे उघडून ठेवलेली कनेक्शन) किती मोठा, हे तुम्ही लिहिलेलं नाही. रूट ॲक्सेस आहे असं मी धरून चाललोय. कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग घ्या.

आधी पिंगचा निकाल लावू. पिंगला उत्तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, देतो, तुमच्या ॲपला त्याचा पत्ताही नसतो. ॲप पूर्ण झोपलेलं असलं तरी पिंग ९ मिलिसेकंदच येणार. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन एक मिलिसेकंद, त्यामुळे नाशिक ते मुंबई कितीही भारी लाइन घेतली तरी एक-दीड मिलिसेकंदांच्या खाली जाणं शक्य नाही आणि लासलगावहून ९ म्हणजे उत्तमच. २०१६ मध्ये एडब्ल्यूएसचं (ॲमेझॉनच्या क्लाउडचं) मुंबई रीजन आलं, त्याआधी आपल्याकडची बरीच मंडळी सिंगापूरला सर्व्हर ठेवायची आणि काही जुनी कामं अजून तिकडेच पडून आहेत, तिथे पिंग साठच्या आसपास दिसतं. तुमचा तो प्रश्न नाही. नेटवर संशय असेलच तर पिंगऐवजी एमटीआर (वाटेतला प्रत्येक टप्पा मोजणारं टूल) चालवा, रिपोर्ट मोडमध्ये १०० पॅकेट, टीसीपी मोड, पोर्ट ४४३. मधल्या एखाद्या हॉपवर, म्हणजे वाटेतल्या राउटरवर, ४० टक्के लॉस दिसला की लोक स्क्रीनशॉट काढून आयएसपीशी भांडायला जातात, पण मधले राउटर स्वतःसाठी आलेल्या पॅकेटला उत्तर द्यायला आळस करतात, तो लॉस शेवटच्या हॉपपर्यंत टिकला तरच खरा धरायचा.

आता एकच टूल निवडायचं म्हणाल तर माझं मत कर्लला, म्हणजे युआरएल मारून उत्तर आणणाऱ्या कमांडला. कारण ते वापरणाऱ्याच्या बाजूने मोजतं आणि वेळेचे तुकडे पाडून देतं. डॅश डब्ल्यू हा ऑप्शन देऊन त्यात टाइम_नेमलुकअप, टाइम_कनेक्ट, टाइम_ॲपकनेक्ट, टाइम_स्टार्टट्रान्सफर आणि टाइम_टोटल हे पाच आकडे छापून घ्या. हे आकडे सुरुवातीपासूनचे एकूण असतात, प्रत्येक टप्प्याचा वेगळा वेळ नसतो, त्यामुळे वजाबाकी आपली आपण करायची, हे न कळल्यामुळे खूप जण चुकीच्या टप्प्याला दोष देतात. समजा सव्वादहाला ओळ अशी आली: ०.००३, ०.०१३, ०.०३६, ०.११०, ०.११२. आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी अशी: ०.००३, ०.०१४, ०.०३७, ४.३१०, ४.३१२. दुसऱ्या ओळीत डीएनएस ३ मिलिसेकंद, टीसीपी ११, टीएलएस २३, म्हणजे नेट अगदी सकाळसारखंच आहे, आणि रिक्वेस्ट पोचल्यापासून पहिला बाइट परत यायला सव्वाचार सेकंद. तो सगळा वेळ सर्व्हरच्या पोटात गेला. एवढ्या एका ओळीने नेटचा वाद संपतो.

हे मोजायचं मात्र लासलगावच्या मशीनवरूनच. तुमच्या घरून मोजून काही उपयोग नाही. विंडोज १० मध्ये २०१८ पासून कर्ल आतच येतं, फक्त पॉवरशेलमध्ये नुसतं कर्ल लिहिलं तर भलतीच कमांड चालते म्हणून कर्ल डॉट ईएक्सई असं पूर्ण लिहा. बॅच फाइलमध्ये लूप लावा, दर दहा सेकंदांनी एक फेरी, पुढे तारीख-वेळ, आउटपुट फाइलमध्ये. आणि एक युआरएल मारू नका, चार मारा. एक लोगोची स्टॅटिक फाइल, जी एनजिनएक्स स्वतःच देतो. एक असं पान जे ॲपमधून जातं पण डेटाबेसला हात लावत नाही. एक असं जे डेटाबेसला नुसतं सिलेक्ट १ विचारतं. आणि चौथं खरी पट्टी सेव्ह करणारं, अर्थात टेस्ट पार्टीच्या नावाने आणि तुमच्याच मोबाइल नंबरवर, नाहीतर कुणा शेतकऱ्याला दिवसभर मेसेज जात राहतील. चौथं मिनिटाला एकदाच ठेवा, आणि टेस्ट पट्ट्यांनी खरी नंबर सिरीज बिघडणार नाही ना ते आधी बघा. अकरा वाजता चारही हळू झाली तर मशीन किंवा नेट. पहिलं जलद आणि बाकी तीन हळू तर ॲपचे वर्कर, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेस, भरलेत. पहिली दोन जलद तर डेटाबेस किंवा त्याचा पूल. फक्त चौथंच हळू, तर सेव्हच्या आतलं काहीतरी, आणि मला वाटतं तुमचं इथेच निघेल.

आकडे बघताना एक सवय लावून घ्या. उशीर वेडावाकडा आहे का ठराविक, ते बघा. ठराविक आकडा बहुतेक वेळा कुठल्यातरी टाइमरचा असतो. ४० मिलिसेकंदांचा ठोका परत परत दिसला तर लिनक्सचा डिलेड ॲक (पोच जरा थांबून देणं) आणि नेगलचं अल्गोरिदम (छोटी पॅकेट साठवून पाठवणं) एकमेकांची वाट बघतायत असं समजा आणि टीसीपी नोडिले लावलंय का तपासा. २०० मिलिसेकंदांच्या जरा वर असेल तर एखादं पॅकेट हरवून परत पाठवलं गेलंय, लिनक्सचा रिट्रान्समिटचा किमान टाइमआउट तेवढाच आहे. कनेक्टला बरोबर १ सेकंद किंवा ३ सेकंद लागत असतील तर सिन, म्हणजे कनेक्शन सुरू करणारं पॅकेट हरवतंय, पहिला प्रयत्न १ सेकंदाने पुन्हा होतो, मग बऱ्याच सिस्टमवर अजून दोनने. आणि लिनक्सवर नेमलुकअपमध्ये बरोबर ५ सेकंद दिसले तर डोळे झाकून रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ उघडा, बहुतेक पहिला नेमसर्व्हर मेलेला असतो, डिफॉल्ट टाइमआउट ५ सेकंद आहे. हा पाच सेकंदांचा प्रकार ॲपकडून मेसेज गेटवेला कॉल जाताना सर्व्हरवरही होऊ शकतो, त्यामुळे सर्व्हरवरूनही गेटवेच्या पत्त्यावर कर्लची हीच कसरत एकदा करून घ्या.

सर्व्हरवर पहिलं काम एनजिनएक्सच्या लॉगचं. लॉग फॉरमॅटमध्ये रिक्वेस्ट_टाइम आणि अपस्ट्रीम_रिस्पॉन्स_टाइम ही दोन व्हेरिएबल घाला आणि रीलोड करा, हे बाय डिफॉल्ट नसतं. दुसरं सांगतं की तुमच्या ॲपने किती वेळ घेतला, पहिल्यात ग्राहकाकडून डेटा यायचा आणि त्याच्याकडे जायचा वेळही धरलेला असतो. पहिलं ६ आणि दुसरं ०.१ असेल तर खळ्यावरच्या मोबाइल हॉटस्पॉटकडे बघा. दोन्ही ६ असतील तर आत बघा. मग ग्रेपने फक्त सेव्हच्या ओळी काढायच्या, ऑकने तो एक कॉलम, सॉर्ट डॅश एन, आणि समजा २००० ओळी निघाल्या तर १९०० वी ओळ म्हणजे पी९५ (९५ टक्के सेव्ह एवढ्या वेळात झाले), १९८० वी म्हणजे पी९९. झालं, यासाठी ग्राफाना-बिफाना काही लागत नाही.

सरासरी काढू नका मात्र. शंभरपैकी ९५ पट्ट्या ०.१ सेकंदात झाल्या आणि ५ ला ६ सेकंद लागले तर सरासरी ०.४ च्याही खाली येते, तुम्ही तो आकडा व्यापाऱ्याला दाखवणार आणि तो तुम्हाला बाहेरचा रस्ता दाखवणार, कारण त्याच्या समोर ट्रॅक्टर घेऊन उभा असलेला माणूस त्या पाचातला आहे.

लॉग वाचताना एक बारीक गोष्ट: क्लाउडची मशीन बहुतेक यूटीसीवर असते, आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे. तुमचे सकाळचे अकरा म्हणजे लॉगमधले साडेपाच. सकाळी अकराच्या ओळी बघतोय म्हणून लोक दुपारी साडेचारच्या ओळी बघत बसतात आणि म्हणतात काहीच दिसत नाही. लासलगावच्या मशीनचं घड्याळही एकदा नीट लावून घ्या, नाहीतर दोन्हीकडच्या ओळी जुळायच्याच नाहीत.

आता मशीन. तुम्ही दुपारी बघता तेव्हा रोग पळालेला असतो, म्हणून रेकॉर्ड हवं. मशीनचा भार नोंदवून ठेवणारे सार आणि एटॉप दोन्ही चांगले आहेत, इन्स्टॉल करून ठेवाच, पण दोघंही डिफॉल्टला दर १० मिनिटांनी नोंद घेतात आणि दहा मिनिटांच्या सरासरीत आठ सेकंदांचा उशीर विरघळून जातो. एटॉपचा इंटरव्हल एक मिनिटावर आणा. आणि उद्या सकाळी साडेदहा ते साडेबारा टीमक्समध्ये (लॉगिन तुटलं तरी ते कमांड चालू ठेवतं) व्हीएमस्टॅट डॅश टी ५ (सीपीयू आणि मेमरीसाठी) आणि आयओस्टॅट डॅश एक्सझेडटी ५ (डिस्कसाठी) हे दोन फाइलमध्ये सोडून द्या. दोघांचीही पहिली नोंद मशीन बूट झाल्यापासूनची सरासरी असते, ती सोडून पुढे वाचायचं.

व्हीएमस्टॅटमध्ये मी चारच गोष्टी बघतो. आर म्हणजे सीपीयूवर चालणारे आणि सीपीयूसाठी रांगेत उभे असलेले, तो सतत दोनच्या बराच वर असेल तर तुमचे दोन कोर कमी पडतायत. बी म्हणजे बहुतेक करून डिस्कपायी अडकलेले. एसआय-एसओ शून्य नसतील तर रॅम संपून स्वॅप चाललंय. आणि एसटी, म्हणजे स्टील, मशीनला हवा असूनही न मिळालेला सीपीयू, याच्याकडे फार कमी लोक बघतात. तुमची मशीन एडब्ल्यूएसच्या टी मालिकेतली असेल तर सीपीयू क्रेडिटवर चालतो, टी३ मीडियमची बेसलाइन एका व्हीसीपीयूला २० टक्केच आहे, अनलिमिटेड मोड बंद असेल आणि क्रेडिट संपलं तर त्याच्या वर जायला मिळत नाही आणि उरलेलं स्टीलमध्ये दिसतं. म्हणून टॉपमध्ये २० टक्के दिसतंय म्हणून निवांत राहू नका भाऊ, वीस हेच तुमचं छत असू शकतं. टॉपमध्ये १ दाबून कोर वेगवेगळेही बघा, दोनातला एक कोर शंभरावर आणि दुसरा रिकामा असेल तर एकूण आकडा ५० दिसतो.

लोड ॲव्हरेजवरून निष्कर्ष काढू नका, लिनक्समध्ये त्यात डिस्कसाठी अडकलेलेही मोजले जातात त्यामुळे लोड ८ म्हणजे सीपीयू कमी असं होत नाही. त्यापेक्षा पीएसआय, म्हणजे कर्नलने केलेली खोळंब्याची मोजणी, बघा, कर्नल ४.२० पासून म्हणजे २०१८ अखेरपासून आहे. प्रॉकच्या खाली प्रेशर फोल्डर आहे, त्यात सीपीयू, मेमरी आणि आयओ अशा फाइल आहेत, नुसतं कॅट करायचं. सम ॲव्हरेज१० समोरचा आकडा सांगतो की गेल्या दहा सेकंदांतला किती टक्के वेळ निदान एक तरी काम त्या गोष्टीसाठी खोळंबलं होतं. इतका थेट आकडा आयता मिळत असताना लोक अजून लोड ॲव्हरेज कुरवाळत बसतात याचं मला नवल वाटतं.

आयओस्टॅटमध्ये आर_अवेट आणि डब्ल्यू_अवेट (वाचायला आणि लिहायला लागलेला वेळ) आणि एक्यू-एसझेड (रांगेची सरासरी लांबी). अवेटमध्ये रांगेतला वेळ आणि प्रत्यक्ष कामाचा वेळ दोन्ही येतात, आणि इथे रांगेचं गणित समजून घ्या कारण सगळी लेटन्सी शेवटी त्यावरच येते. काट्यावर एका ट्रॅक्टरचं वजन दोन मिनिटांत होतं. काटा निम्मा वेळ रिकामा असेल तर आलेल्या माणसाला सरासरी चार मिनिटं लागतात, ८० टक्के वेळ चालू असेल तर दहा, ९० टक्के झाला की वीस. वजनाला अजूनही दोनच मिनिटं लागतायत, बाकी सगळी रांग. ट्रॅक्टर अनियमित येतात असं धरून केलेला हा पुस्तकी हिशोब आहे, पण ८० च्या पुढे रांग एकदम का फुगते ते यात दिसतं, आणि १० वाजता सगळं छान चालतं, गर्दी थोडीशीच वाढते आणि ११ वाजता बोंब होते, ते याच्यामुळे. आयओस्टॅटमधला शेवटचा युटिल टक्का मात्र आता एसएसडीवर फारसा कामाचा नाही, कारण ती एकाच वेळी अनेक कामं घेते, १०० टक्के दिसलं तरी डिस्क भरलीच असं नाही. अवेट बघा. क्लाउडच्या एसएसडीवर तो एक-दोन मिलिसेकंदांवरून चाळीस-पन्नासवर गेला तर गडबड आहे.

डिस्क जीपी२ (एडब्ल्यूएसचा जुना एसएसडी प्रकार) असेल तर अजून एक. तिला जीबीमागे ३ आयओपीएस (सेकंदाला वाचण्या-लिहिण्याची कामं) मिळतात, किमान १००, म्हणजे ५० जीबीला १५०, आणि वर ३००० पर्यंतची उडी क्रेडिटवर. ५४ लाखांचं क्रेडिट असतं, पूर्ण ताकदीने वापरलं तर साधारण अर्ध्या तासात खलास. पहाटेच्या बॅकअपने ते खाऊन टाकलं तर सकाळी धंद्याच्या वेळी तुमच्याकडे १५० च उरतात. याची ओळख सोपी आहे, गर्दी ओसरल्यावरही बराच वेळ हळूच राहतं. तुमचं गर्दीबरोबर येतं आणि गर्दीबरोबर जातं असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे मला डिस्कचा संशय कमी आहे. पण डिस्क जीपी२ असेल तर जीपी३ करूनच टाका, तिथे आकार कितीही असो ३००० आयओपीएस कायम मिळतात.

आता त्या मेसेजकडे येतो. हिशोबपट्टीला नंबर लागतो आणि सीएला मधला नंबर गाळलेला चालत नाही. पोस्टग्रेसचा सिक्वेन्स (आपोआप नंबर देणारी सोय) वापरला तर ट्रान्झॅक्शन रोलबॅक, म्हणजे अर्ध्यात रद्द, झाल्यावर नंबर सांडतो, म्हणून आपल्याकडच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये सर्रास एक छोटं टेबल असतं, त्यात एकच ओळ, शेवटचा नंबर. सेव्ह करताना ती ओळ सिलेक्ट फॉर अपडेटने लॉक करायची, एक वाढवायचा, पट्टी टाकायची, कमिट म्हणजे पक्कं करायचं. इथपर्यंत ठीक आहे, हे काही मिलिसेकंदांत होतं. पण मेसेज पाठवायचा कोड बरेच वेळा त्याच फंक्शनमध्ये, कमिटच्या आधी असतो, म्हणजे मुंबईतला तुमचा सर्व्हर गेटवेच्या उत्तराची वाट बघत उभा आणि नंबरच्या ओळीचं लॉक त्याच्या हातात. गेटवेला ८०० मिलिसेकंद लागले तर मिनिटाला ७५ पट्ट्यांच्या वर एकही पट्टी होणार नाही, मशीन कितीही मोठी घ्या. दहाही मशीनवर एकदम सेव्ह दाबलं तर पाचव्याला चार सेकंद आणि दहाव्याला आठ. तुमचे चार आणि आठ. जुळतंय बघा. सीपीयू थंड, डिस्क थंड, पिंग मस्त, कारण कुणीच काम करत नाहीये, सगळे उभे आहेत. आणि दुपारी तुम्ही एकटेच सेव्ह दाबता तेव्हा एका सेकंदाच्या आत होतं, तक्रार कशाला दिसेल.

हा अंदाज आहे, तुमचा कोड मी बघितलेला नाही. पण तपासायला सोपं आहे आणि हेही कमांड लाइनवरच. पीएसक्यूएल (पोस्टग्रेसची कमांड लाइन) उघडा, पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी (डेटाबेसमध्ये आत्ता कोण काय करतंय त्याची यादी) मधून पीआयडी, स्टेट, वेट_इव्हेंट_टाइप, वेट_इव्हेंट, पीजी_ब्लॉकिंग_पीआयडीज आणि ट्रान्झॅक्शन सुरू होऊन किती वेळ झाला एवढं मागवा आणि शेवटी सेमीकोलनच्या जागी बॅकस्लॅश वॉच २ लिहा, दर दोन सेकंदांनी तेच परत परत छापत राहील. अकराच्या गर्दीत जर सात-आठ ओळींसमोर वेट_इव्हेंट_टाइप लॉक दिसलं, त्यातल्या एकाला ट्रान्झॅक्शनआयडी आणि बाकीच्यांना टपल, आणि सगळ्यांच्या पुढे एक जण आयडल इन ट्रान्झॅक्शन, तर निकाल लागला. तो आयडल इन ट्रान्झॅक्शन म्हणजे डेटाबेसला काही काम न देता ट्रान्झॅक्शन उघडी ठेवून बाहेर गप्पा मारायला गेलेला, गेटवेशी. बरोबर पोस्टग्रेसच्या सेटिंगमध्ये लॉग_लॉक_वेट्स ऑन करा, मग १ सेकंदापेक्षा जास्त लॉकसाठी थांबलेल्या प्रत्येकाची नोंद लॉगमध्ये आपोआप येते, तो एक सेकंद डेडलॉक_टाइमआउटचा डिफॉल्ट आहे. आणि लॉग_मिन_ड्युरेशन_स्टेटमेंट ५०० मिलिसेकंद ठेवा. त्यात वाट बघणाऱ्या क्वेरी हळू म्हणून दिसतील आणि तुम्हाला इंडेक्स टाकायचा मोह होईल, नंबरच्या एका ओळीच्या टेबलाला इंडेक्स टाकून काही होत नाही, आधी कोण कुणाला अडवतंय ते बघा.

निघालंच हे, तर उपाय दोन ओळींचा आहे. मेसेज कमिटच्या नंतर, तोही वेगळ्या टेबलात नोंद करून ठेवायचा आणि मागून एक वर्कर पाठवत राहील. आणि नंबर घ्यायची क्वेरी ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीला असेल तर शेवटी आणा, कमिटच्या अगदी आधी. मेसेज दोन-तीन सेकंद उशिरा गेला म्हणून कुठला शेतकरी तक्रार करत नाही.

लॉक नाही निघालं तर पुढचा संशय कनेक्शन पूल. पूलमध्ये ५ कनेक्शन आणि प्रत्येक रिक्वेस्ट ते दीड सेकंद धरून ठेवत असेल तर सेकंदाला साडेतीनसुद्धा रिक्वेस्ट निघत नाहीत, बाकीचे ॲपच्या आत रांगेत, आणि ही रांग डेटाबेसला दिसतच नाही, पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी अगदी सोज्वळ दिसतं. ॲपच्या लॉगमध्ये पूलमधून कनेक्शन मिळायला किती वेळ लागला ते छापून घ्या.

एसट्रेस, म्हणजे प्रोसेसचे सिस्टम कॉल (कर्नलकडे केलेल्या मागण्या) दाखवणारं टूल, कुणीतरी सुचवेलच. डॅश एफ, डॅश टी आणि प्रोसेसचा नंबर दिला की प्रत्येक सिस्टम कॉलला किती वेळ लागला ते दिसतं, इथे टी मोठ्या लिपीतला घ्या. टूल भारी आहे पण प्रोसेस चांगलीच हळू करतं, लिलाव चालू असताना प्रॉडक्शनवर लावू नका, व्यापारी आधीच तापलाय. कर्नलच्या आत जायचंच असेल तर बीसीसीची टूल्स घ्या, उबुंटूवर बीपीएफसीसी-टूल्स नावाच्या पॅकेजमध्ये येतात, बायोलेटन्सी डिस्कचा हिस्टोग्राम देतं आणि रनक्यूलॅट सीपीयूच्या रांगेतला वेळ, दोन्हींचा भार एसट्रेसच्या मानाने फारच कमी. तुमच्या केसमध्ये इतकं खोल जावं लागेल असं मला वाटत नाही. रेडिस (मेमरीत चालणारा डेटाबेस) वापरत असाल तर रेडिस-सीएलआय डॅश डॅश लेटन्सी एकदा लासलगावहून नाही, सर्व्हरवरूनच चालवा, फरकात नेट मिसळायला नको.

तर आज रात्री एनजिनएक्सचा लॉग फॉरमॅट आणि पोस्टग्रेसची दोन सेटिंग बदला, तिन्हींना रीलोड पुरतो, रीस्टार्ट लागत नाही. व्यापाऱ्याच्या ऑफिसातल्या मुलाला फोन करून कर्लची बॅच फाइल दहा वाजता चालू करायला सांगा, आणि उद्या अकराला तुम्ही स्वतः पीएसक्यूएलच्या स्क्रीनसमोर बसा, दुपारी नको. मग कर्लची अकराच्या आसपासची दहा-वीस मिनिटं, व्हीएमस्टॅटचा तेवढाच तुकडा आणि पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीचे दोन-तीन स्नॅपशॉट इथे टाका, सोबत ॲप कशात लिहिलंय आणि पूल केवढा ते लिहा, पुढचं बघू. टाकण्याआधी क्वेरीचा कॉलम काढून टाका, त्यात शेतकऱ्यांची नावं, मोबाइल नंबर आणि पट्टीची रक्कम सरळ वाचता येते.